पेटीतला गणपती

डॉ. दयाराम म्हात्रे यांनी होडीची पूजा करायचं ठरवलं ते काही श्रद्धेपोटी नव्हे. आयुष्यभर त्यांनी मुंबईच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं, संभाव्यतेवर पीएच.डी. केली होती, आणि त्या सगळ्या अभ्यासातून त्यांच्या हाती एकच पक्की गोष्ट लागली होती, ती म्हणजे काहीही होऊ शकतं. पूजा केल्याने होडी बुडायची थांबते याला पुरावा नाही, हे त्यांना मान्य होतं. पण थांबत नाही यालाही पुरावा नव्हता. मग करून टाकलेली बरी.

त्यांच्या पत्नीचं, सत्यवतीबाईंचं, मत सोपं होतं. नारळ फोडा आणि चला. गावातला, म्हणजे खारशेतातला, प्रत्येक मच्छीमार नारळ फोडतो आणि जातो, आणि बहुतेक सगळे परतही येतात. (दयारामांच्या कानात त्यातलं फक्त ‘बहुतेक’ राहिलं.) त्यांनी यथासांग पूजा करायचं नक्की केलं. सुपारीचा गणपती मांडायचा, आवाहन, गंध, अक्षता, सगळं. भटजी मात्र नको, कारण भटजींनी विचारलं असतं की एवढ्याशा होडीत आपण दोघं मावू का, आणि त्याचं उत्तर दयारामांना खात्रीने देता आलं नसतं.

होडी तशी लहानच होती. फायबरची, दोन माणसांची, एका शिडाची. मुरुडच्या बाजूला कुठलासा वॉटर स्पोर्ट‌्स क्लब बंद पडला, त्याचा माल विकायला निघाला, तेव्हा निवृत्त होऊन गावी आलेल्या दयारामांनी ती घेतली. कुणालाही न विचारता घेतली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात चपलासुद्धा चार जणांचं मत घेतल्याशिवाय विकत घेतल्या नाहीत, त्याने होडी घेतली. याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते. लहानपणी बांधावर उभं राहून दयाराम मिठाचे मचवे पाहत. शीड फुगवून ते खाडीबाहेर जात, आणि पोरगा म्हणे, मी पण जातो. वडील म्हणत, तू शीक. दयाराम शिकले. इतके शिकले की शिकण्यासारखं काही उरेना, आणि तोवर मचवे संपले होते.

तर होडी आली आणि अंगणात बसली. दयारामांनी मुंबईला जाऊन शिडाची होडी चालवायचा कोर्स केला, सर्टिफिकेट आणलं, तीन जाड पुस्तकं वाचली, आणि त्या पुस्तकांत होड्या किती प्रकारांनी उलटतात हे कळल्यावर होडीवर ताडपत्री घातली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. होडी अंगणातच होती. पापड, सुकट आणि पावसाळ्याआधीच्या आगोटीचं सगळं वाळवण सत्यवतीबाई ज्या जागी घालत, नेमक्या त्याच जागी.

अशात दयारामांचा पुतण्या अल्पेश आला. अल्पेशने रस्त्याला लागून होमस्टे काढला होता आणि त्याला फाटकाशी काहीतरी पाहिजे होतं, पर्यटक थांबून फोटो काढतील असं. त्याने ताडपत्री उचलून आत पाहिलं आणि म्हणाला, “काका, यात माती भरून झेंडू लावला ना, तर एक नंबर सेल्फी पॉइंट होईल.”

दयारामांनी ताडपत्री पुन्हा नीट ओढून घेतली. बोलल्या त्या सत्यवतीबाई. त्यांचं म्हणणं असं की होडी एक तर चालली पाहिजे, नाहीतर तिच्यात झेंडू तरी उगवला पाहिजे, हे मधलंच काहीतरी अंगणात नको. त्यांचा भाऊ दादू याने रविवारी जेवायला बोलावलं होतं. माहेर खाडीच्या बरोबर पलीकडे, वडपाड्यात.

“मला या होडीतून पलीकडे न्या,” त्या म्हणाल्या. “कोरड्या पायांनी उतरवा. होडी राहील. नाही जमलं तर सोमवारी अल्पेशचा टेम्पो येईल.”

अल्पेश भला मुलगा. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, टेन्शन घेऊ नका. आणि त्याच संध्याकाळी तो झेंडूची रोपं घेऊन आला.

रविवारी सकाळी भरती चढत होती. आदल्या दिवशीच टेम्पोतून आणून पाण्यात उतरवलेली होडी धक्क्याला बांधलेली होती. दयाराम सोवळ्यावर लाइफ जॅकेट घालून तिच्यात उतरले. पूजा मांडायला होडीत सपाट जागा अशी एकच होती.

इथे थोडं थांबून ही जागा समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथेच घडलं. शिडाच्या होडीच्या मधोमध एक उभी, अरुंद पेटी असते. पेटीला वर फट असते आणि खाली थेट पाणी. या पेटीत एक फळी टांगलेली असते. पुस्तकात तिला सेंटरबोर्ड म्हणतात, सत्यवतीबाई फळी म्हणत. दोरी सैल केली की फळी खाली पाण्यात जाते आणि होडी नाकासमोर चालते. काठ जवळ आला की दोरीने फळी वर ओढून दोरी कडीला अडकवून टाकायची. फळी वरच राहिली तर वारा होडीला खेकड्यासारखं आडवं नेतो. खालीच राहिली तर होडी काठाला लागत नाही. दयाराम हे झोपेतसुद्धा सांगू शकले असते, आणि सत्यवतीबाईंच्या म्हणण्याप्रमाणे सांगतही असत.

तर त्यांनी पेटीच्या माथ्यावर, फटीवर, विड्याचं पान ठेवलं. पानावर चिमूटभर अक्षता, अक्षतांवर सुपारी. सुपारी साधीसुधी नव्हे, श्रीवर्धनची, सत्यवतीबाईंच्या मावसबहिणीच्या वाडीतली, चांगली टपोरी. मोबाइलवर पूजेचा व्हिडिओ लावला. आवाहन झालं, गंध लागलं, कुंकू लागलं, मध्ये गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात झाली, तीही त्यांनी हात जोडून ऐकली (न जाणो). आणि फूल वाहायला ते वाकले तेवढ्यात शेजारून एक मोठा ट्रॉलर गेला. लाटेने होडी कलंडली. पान सरकलं, आणि गणपती टुण्‌कन फटीत गेला.

दयारामांनी फटीत बोट घालून पाहिलं, ते पोचलं नाही. मग त्यांनी हळूच कडीवरची दोरी सोडली आणि फळी खाली जाते का पाहिलं.

फळी हलली नाही. वरून हाताने दाबली. पायाने दाबली. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिच्यावर उभे राहिले. फळी ढिम्म.

कुणी नाही असं त्यांना वाटलं तेवढंच. खारशेताच्या धक्क्यावर रविवारी सकाळी कुणी नाही असं होत नसतं. शेजारच्या इंजिनाच्या होडीत जाळं निवडत बसलेला विनेश केव्हाचा पाहत होता. त्याने सरांना विचारलं की हा कुठला व्यायाम. दयारामांनी परिस्थिती सांगितली. विनेश आनंदाने उठला. दुसऱ्याची होडी बिघडली की त्याला अंगात वीज आल्यासारखं होई. स्वतःची बिघडली की तो चहाला जाई. तो घण घेऊन आला. एक टोला, म्हणाला, आणि सुपारीचा भुगा.

“कोनाला घण घालतंस रं?” वरून आवाज आला.

आवडाबाई मासळीची पाटी बाजूला ठेवून धक्क्याच्या टोकाशी उभ्या होत्या. आवडाबाई सत्यवतीबाईंच्या मैत्रीण आणि गावातल्या सगळ्या हळदी, पूजा, बारशांच्या अखेरच्या अधिकारी. बायका भांडल्या की निकाल त्यांच्याकडे, पुरुष भांडले की तोही.

दयारामांनी त्यांना समजावलं की ती सुपारी आहे.

“आवाहन केलाव ना?”

केलं, दयाराम म्हणाले.

“गंध लावलाव?”

लावलं.

“मंग ती सुपारी न्हाय. गनपती हाय. बसलेला गनपती. आदी उत्तरपूजा करा, त्याला निरोप द्या, मंग घाला काय तो घण.”

यात तर्कदोष आहे असं दयारामांना वाटलं, पण कुठे आहे ते सापडेना. गणिताच्या दृष्टीने पाहिलं तर ज्या माणसाने बुडण्याच्या भीतीने गणपती बसवला, त्याने त्याच गणपतीवर घण घालून मग खाडीत जाणं, यात धोका वाढतो हे उघड होतं. त्यांनी घण खाली ठेवायला सांगितलं.

उत्तरपूजा सुरू झाली. आवडाबाई वरून सांगत होत्या, दयाराम खालून करत होते. नैवेद्याशिवाय पाहुण्याला कसं धाडायचं, म्हणून गूळखोबरं. ते फटीत सोडलं. मग अक्षता. सुपारी दिसत नव्हती, तेव्हा कुठल्या तरी अक्षता लागाव्यात म्हणून जरा सढळ हाताने, म्हणजे दोन मुठी. मग पाणी. आणि मग आवडाबाई म्हणाल्या, आता मूर्ती जागची हलवा.

मूर्ती हलत नाही हीच तर अडचण होती. धक्क्यावर एव्हाना बरीच मंडळी जमली होती, आणि यावर तिथे गंभीर चर्चा झाली. कुणी म्हणालं, मनाने हलवली तरी चालतं. आवडाबाईंना हे पटलं नाही, कारण मनाने हलवायचं तर मनानेच जेवायचं. शेवटी त्यांनीच तोड काढली. गणपती हलत नसेल तर होडी हलवा. तेव्हा दयाराम आणि विनेश यांनी मिळून होडीचं नाक उत्तरेकडे वळवलं, सगळ्यांनी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटलं, आणि दयाराम म्हणता म्हणता अडखळले. पुढच्या वर्षीसुद्धा?

आता विनेश मोकळा झाला. त्याने फळीच्या माथ्यावर लाकूड ठेवून घण घातला. खाडीवरचे बगळे उडाले. फळी हलली नाही. मग त्याने खोबरेल ओतायला सांगितलं, ते ओतलं. मग गरम पाणी सांगितलं, ते वरच्या चहावाल्याकडून आलं. त्याला खाली काय चाललंय ते नीट कळलं नसावं, कारण त्या पाण्यात किसलेलं आलं होतं. हे सगळं झाल्यावर दयारामांनी फटीत टॉर्च मारून पाहिलं. आत तांदूळ, गूळ, खोबरं, तेल आणि आलं यांचं छान सारण होऊन बसलं होतं.

तेवढ्यात अल्पेश आला. तो फक्त होडीची लांबी मोजायला आला होता. फाटकाशी खड्डा किती लांब खणायचा ते बघायचं होतं. टेप धरायला त्याने काकांनाच सांगितलं, आणि दयारामांनी ती धरलीही. नाही म्हणणं त्यांना नीटसं कधी जमलं नव्हतं.

त्यांनी टेप सोडली तेव्हा समोर सत्यवतीबाई उभ्या होत्या. मोरपंखी साडी, केसांत अबोली, एका हातात भावासाठी डबा, कमरेला पानाची चंची. माहेरी जाणाऱ्या बाईचं वय होत नाही. त्यांनी होडी पाहिली, तेल पाहिलं, घण पाहिला, टेप पाहिली.

दयारामांनी सगळं खरं सांगितलं. फळी वरच अडकली आहे, अशाने होडी सरळ जाणार नाही, बाजूला सरकत जाईल, आणि शास्त्र असं सांगतं की आपण आज निघू नये.

“भरती उतरायला लागेल,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “निघायचं तर आत्ता. नाहीतर अल्पेश, मापं बरोबर घेतलीस ना रे?”

दयाराम निघाले.

पहिली काही मिनिटं विलक्षण होती. शीड फुगलं, दोरी ताणली गेली, होडीचं नाक थेट वडपाड्याच्या माडांकडे होतं. गंमत एवढीच की होडी तिकडे जात नव्हती. नाक वडपाड्याकडे ठेवून ती अख्खीच्या अख्खी खाडीच्या आत, तिवरांच्या दिशेने सरकत होती. समुद्रावरून येणारा वारा तिला हाताने ढकलल्यासारखा नेत होता. दयारामांनी सुकाणू इकडे केलं, तिकडे केलं. वडपाडा उजवीकडे जाऊ लागला. दादूच्या घराचं लाल कौलारू छप्पर, मग त्याच्या शेजाऱ्याचं, मग त्याच्याही शेजाऱ्याचं. सत्यवतीबाई एकेकाचं नाव सांगत होत्या, जसं काही एस.टी.च्या खिडकीतून दाखवतायत.

“हे गाव गेलं,” त्या म्हणाल्या. “आता कुणाकडे जेवायचं?”

दयारामांच्या डोळ्यांपुढे तिवरांचा चिखल आला, चिखलानंतर अल्पेशचं फाटक आलं, आणि फाटकाशी मातीने भरलेली होडी, तिच्यात डोलणारा झेंडू, आणि झेंडूला टेकून फोटोसाठी उभी असलेली ठाण्याची माणसं. मी म्हटलं होतं, सुरुवात करायला नको होती, असं त्यांना म्हणायचं होतं, पण ते त्यांनी म्हटलंच नव्हतं. उलट, आयुष्यात पहिल्यांदाच सुरुवात त्यांनी केली होती. म्हणून ते फक्त म्हणाले, “सगळं त्या सुपारीमुळे.”

सत्यवतीबाईंना बसायला नीट जागा नव्हती. बसायच्या मधल्या फळकुटाखाली दयारामांनी लाइफ जॅकेटांचा ढीग ठेवला होता. माणसं दोन असली तरी जॅकेटं सहा होती. सत्यवतीबाईंनी पाय सैल करायला ढीग बाजूला केला आणि वाकून पाहू लागल्या.

“अहो, हे काय आहे?”

दयारामांनी पाहिलं. पेटीतून येणारी फळीची दोरी फळकुटाखालून कडीकडे जात होती. कडीवरून ती त्यांनी सकाळी सोडलीच होती. पण वाटेत, फळकुटाच्या पायाशी, त्याच दोरीला एक गाठ होती. गाठीवर गाठ होती. त्यावर आणखी एक गाठ होती आणि सगळ्याला वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

अशी गाठ रायगड जिल्ह्यात एकच माणूस मारतो.

त्यांना आठवलं. होडी टेम्पोतून आणताना गतिरोधकावर फळी आपोआप सुटली तर? खाली रस्त्याला लागली तर? म्हणून त्यांनी ती बांधली होती. मग गाठ सुटली तर, म्हणून दुसरी मारली. मग गाठीत कुणाचा पाय अडकला तर, म्हणून वर जॅकेटं रचली. इतका पक्का बंदोबस्त झाल्यावर त्यांना त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी गाढ झोप लागली, आणि सकाळी उठले तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं.

होडी सरकत होती. एक बगळा तिवरांतून त्यांच्याकडे बघत होता.

“देवावर उगाच आळ घेतला,” सत्यवतीबाई म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी गाठ सोडवून पाहिली. ओली झालेली ती गाठ आता दगडासारखी होती. त्यांनी कमरेची चंची उघडली, अडकित्ता काढला, आणि दोरी त्याच्या पात्यांत धरली.

फळी पुन्हा वर ओढायची झाली तर दोरी लागेल, हे दयारामांच्या लक्षात आलं. बोट वर करून ते म्हणाले, “एक मिनिट, याचा दुसऱ्या बाजूनेही विचार—”

कट्‌.

दोरीचं टोक सापासारखं पेटीत गेलं आणि खालून धप्‌ असा आवाज आला. दयाराम टोक पकडायला झेपावले ते जॅकेटांत जाऊन पडले. सुकाणू मोकळं झालं म्हणून सत्यवतीबाईंनी ते धरलं.

आणि होडी थांबली. म्हणजे तिचं ते आडवं सरकणं थांबलं. मोठ्या माणसाने हात धरल्यावर पोर कसं थबकतं, तशी ती थबकली, एका अंगावर किंचित झुकली, आणि निघाली. नाकासमोर, पाणी कापत. तळाखाली बारीक खळखळ सुरू झाली. लाल कौलं एकेक करून परत येऊ लागली. सत्यवतीबाईंचा एक हात सुकाणूवर होता, दुसरा त्यांनी पाण्यात सोडला. त्यांच्या लहानपणी या खाडीत माणसं पलीकडे नेणारी तर होती तीही शिडाचीच. मग इंजिनं आली, आणि खाडी ओलांडताना बोलणं ऐकू येईनासं झालं. आज सगळं ऐकू येत होतं. त्या हसल्या, मोठ्याने, पदर तोंडाला न लावता. दयाराम जॅकेटांच्या ढिगातून उताणे हे पाहत होते. आपण असेच पडून राहावं असं त्यांना वाटलं. या बाईला असं हसताना त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. शेवटचं केव्हा पाहिलं ते आठवेना, आणि तेव्हाही आपण पडलोच होतो की काय अशी शंका आली.

वडपाड्याचा काठ आला. काठावर दादू उभा होता. त्याच्यामागे त्याची बायको, सुना, शेजारी. काठ अजून बराच लांब असताना होडी मऊसर काहीतरी लागल्यासारखी डुचमळली आणि उभी राहिली. फळी खालच्या गाळात रुतली होती. वास्तविक अशा वेळी फळी गाळाला टेकली की आपोआप वर दुमडते (पुस्तक दुसरं, प्रकरण चौथं). पण आता पेटीत सारण होतं. फळी खाली येताना सुपारी आणि भिजून फुगलेले तांदूळ तिच्या बाजूने खाली उतरले होते, आणि पाचरीसारखे बसले होते. सकाळपासून जी फळी अडकलीय म्हणून गाव गोळा झालं होतं, ती आता खरोखर अडकली होती.

“या ना जावयबापू, थांबलाव का?” दादूने हाक मारली.

दयारामांनी परिस्थितीचा विचार केला. कोरड्या पायांनी, अशी अट होती. कोणीतरी पाण्यात उतरून फळी खालून वर ढकलली पाहिजे. म्हणजे त्यांनीच. पाण्याचा तळ दिसत नव्हता. दयारामांना पोहता येत होतं, तत्त्वतः. त्यांनी एका जॅकेटवर दुसरं जॅकेट चढवलं, सत्यवतीबाईंकडे एकदा पाहून घेतलं, चष्मा त्यांच्या हाती दिला, कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगितलं, नाक दाबलं आणि उडी मारली.

पाणी गुडघ्याएवढं होतं.

दोन जॅकेटांत ते तसेच उभे राहिले. काठावर कुणी हसलं नाही. एवढ्या शिकलेल्या जावयाला हसायचं कसं, हे वडपाड्याला माहीत नव्हतं. एक सून फक्त पटकन आत गेली, आणि घरातून तिचा आवाज आला. दयाराम कोपरापर्यंत हात घालून फळी खालून ढकलत राहिले. घणाला दाद दिली नव्हती ती फळी त्यांना काय दाद देणार. ओहोटीचं पाणी मात्र त्यांच्या पायाभोवती आपलं हळूहळू घटत होतं. गुडघ्याखाली आलं, पोटऱ्यांवर आलं, आणि होडी म्हशीसारखी एका कुशीवर कलली.

मग सत्यवतीबाईंनी साडी वर खोचली, डबा डोक्यावर ठेवला, आणि चिखलातून चालत माहेरी गेल्या. पोटरीपर्यंत चिखल. दयाराम त्या पायांकडे बघत होते. अट मोडली होती.

पाणी पुरतं सरल्यावर दादूच्या घरची सगळी होडीभोवती जमली. होडीची कूस उघडी पडली होती, आणि खालच्या फटीच्या तोंडाशी, तांदळाच्या मखरात, कुंकू लागलेली श्रीवर्धनची सुपारी बसलेली होती. दादूच्या बायकोने हात जोडले. सगळं कळल्यावर दादूने सुपारी बोटाने हलकेच ओढली. ती बाहेर आली आणि मागोमाग फळी सळसळत हलू लागली. सुपारी दादूच्या देव्हाऱ्यात गेली. वडपाड्यात पुढे बरेच दिवस ‘खाडी पोहून आलेला गणपती’ बघायला माणसं येत होती म्हणे.

जेवायला खाडीतल्या जिताड्याचं कालवण होतं. तांदळाची भाकरी, सोलकढी. दयाराम भाकरी नुसती चिवडत होते. दादूने आणखी वाढलं तर तेही नको म्हणायचं राहून गेलं. जेवण संपता संपता फोन वाजला. अल्पेशच होता, आणि त्याचा प्रश्न टेम्पोचा होता. खारशेतातून पाठवायचा की पुलावरून थेट वडपाड्याला, कारण होडी तिकडेच पडलीय असं विनेशने सांगितलं. फोन दयारामांच्या हातात होता. त्यांनी तो बायकोकडे दिला.

“टेम्पो नको पाठवूस,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “व्हय, पोचलो. पाय? पाय धुतले मी. खड्डा खणलास तर त्यात केळ लाव.” आणि त्यांनी फोन ठेवला.

दयारामांना एकदम भूक लागली. त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला. डोळे भरून आले होते ते सोलकढीतल्या मिरचीने, असं त्यांनी शेजारच्या सुनेला न विचारताच सांगितलं. इतकी वर्षं बांधावर उभं राहून काढली, आणि आता होडी आपली. शीड आपलं. पुढच्या रविवारी वारा कसा असेल, हे त्यांनी बोलता बोलता विचारलं.

पुढच्या रविवारचं सत्यवतीबाईंनी ठरवून टाकलेलं होतं. इथे पुन्हा होडीनेच यायचं. सुकाणू त्या स्वतः धरणार होत्या. शिडाची दोरी आवडाबाईंकडे, त्यांच्या हाताला पाट्या उचलून चांगला जोर आहे. वजनही दोघींचं बरोबर बसतं.

“आणि मी?” दयाराम म्हणाले.

“तुम्ही रिक्षाने या पुलावरून. काठावर उभं राहून आमची काळजी करा. होडीत बसून करता ती नीट होत नाही तुमची, मध्ये मध्ये पडता.”

दयारामांना वाईट वाटलं. निदान वाटायला हवं होतं. त्यांनी मन चाचपून पाहिलं तर आधी सापडला तो सुटकेचा मोठा, उबदार श्वास, आणि वाईट वाटणं त्याच्या बरंच मागे, रांगेत उभं होतं. हा क्रम बरोबर आहे का, याचा त्यांनी भाकरीबरोबर थोडा विचार केला. मग हात धुताना ते दादूच्या जवळ सरकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं की तो पूल नेमका किती जुना आहे.